वह्या पुरे झाल्या, बाळ्या

हर्णै, ता. दापोली
जूनअखेर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

बॅचच्या पैशातून गावच्या पोरांसाठी काय द्यायचं, असं परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "कळवतो" म्हणून ठेवून दिला, त्याचा राग धरू नकोस. फोनवर तू दुसऱ्याचं ऐकून घेत नाहीस, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर ते अर्धवट वाचून ग्रुपवर ढकलशील. म्हणून कागदावर लिहितोय. समुद्र बंद आहे, बोटी वर ओढून शाकारून झाल्यात, त्यामुळे वेळही आहे.

आपल्या दहावीच्या बॅचने तीन लाख जमवले हे ऐकून खरंच बरं वाटलं. पण तू जी यादी वाचून दाखवलीस ना, वह्या, दप्तरं, दोन शिलाई मशीन आणि शाळेच्या भिंतीला बॅचच्या नावाची पाटी, त्यातलं एकही नको. वह्या तर मुळीच नकोत. दर जूनला मुंबईचं मंडळ येतं, मग पतपेढी येते, मग ज्यांना जिल्हा परिषदेला उभं राहायचंय ते भाऊ येतात. आमच्या शेजारच्या वाडीत पाचवीतली एक पोर आहे, तिच्याकडे यंदा तीन गठ्ठे आलेत आणि तीन कव्हरांवर तीन फोटो. एका भाऊंना तिने झकास मिशा काढल्यात. उरलेल्या वह्यांत तिची आई बचतगटाचा हिशेब लिहिते, त्यामुळे वाया गेल्या असं नाही, पण त्यासाठी डोंबिवलीहून टेम्पो कशाला? आठवीपर्यंत पुस्तकं सरकार देतं, दुपारी खिचडी मिळते, आणि 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंत फीही नाही. पोरं गळतात ती त्याच्या पुढे.

माझ्या वर्कशॉपात एक पोरगा येतो, त्याचंच सांगतो. कुणब्याचं घर. बाप हंगामात कलमांच्या बागेत रोजावर, बाकी पोटापुरता भात. पोराला दहावीला अडुसष्ट टक्के पडले आणि सरकारी आयटीआयला इलेक्ट्रिशियनला नंबर लागला. दोन वर्षांचा कोर्स, फी अगदी नाममात्र. गावात पेढे वाटले. दिवाळीला पोरगा घरी आला तो परत गेलाच नाही. नापास नाही, उनाड नाही. झालं काय, तर वाडीवरून सकाळी पहिली एसटी सुटते तोवर तिकडे पहिला तास संपलेला असतो. विद्यार्थ्याला पासात मोठी सवलत आहे, मुलींना तर बारावीपर्यंत पास फुकट आहे, पण त्या वेळेला गाडीच नसेल तर पास काय चाटायचाय? मग खोली घ्यावी लागली. चौघांत एक खोली, भाडं, डिपॉझिट, गॅस, रात्रीची खानावळ. वर घरातला एक रोज बुडाला तो वेगळाच. शिक्षण फुकट झालंय रे, शिकायला जाणं फुकट झालेलं नाही.

"स्कॉलरशिप आहेत की," असं तू म्हणणार. आहेत, आणि चांगल्या आहेत. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या वेबसाइटवर, फॉर्म भरायचा. त्याला उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि जातीचा दाखला. ओबीसीच्या जातीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेतला दाखला आणा म्हणतात. आजोबा शाळेची पायरी चढले असते तर नातवाला दाखल्यासाठी फिरावं लागलं असतं का? मग गाव नमुना चौदा, म्हणजे आपलं कोतवाल बुक, त्यात जन्माची नोंद शोधायची. ती कुठे पुसट, कुठे मोडीत, कुठे आडनावच भलतं. सगळं होऊन स्कॉलरशिप मंजूर झाली तरी पैसे खात्यावर पडेपर्यंत वर्ष सरत येतं, आणि खोलीवाला तेवढं थांबत नाही.

आमच्या संस्थेबद्दल तू विचारलंस. संस्था म्हणजे काय, आम्ही सात-आठ डोकी. एक डॉक्टर, एक रिटायर एसटी कंट्रोलर, दोन शिक्षिका, मी आणि असेच. ऑफिस नाही, देवळाच्या सभामंडपात बसतो. पण आमच्यातला सगळ्यात कामाचा माणूस विचारशील तर रिटायर झालेले तलाठी अण्णा. दर गुरुवारी सतरंजी टाकून बसतात. समोर बापलेक, पिशवीत रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं. अण्णा चष्मा कपाळावर घेऊन एकेक कागद डोळ्यांपाशी नेतात, आणि "हा ठेव, हा फाटेल, हा कुणी दिला तुला?" असं चालू असतं. मोडी वाचतात. आजवर त्यांनी किती पोरांचे दाखले मार्गी लावले त्याला गणती नाही. त्यांच्यावर आमचा खर्च चहाचा आणि तालुक्याला जायच्या तिकिटाचा. आता सांग, याच्यावर पाटी कुठे लावणार?

आणि दुसरं काम म्हणजे खोल्या. दापोलीत पोरांसाठी दोन भाड्याने घेतल्यात, मुलींची सोय एका आजींकडे. तांदूळ, कुळीथ, नारळ ज्याने त्याने घरून आणायचे, भाडं-गॅस-भाजी संस्थेकडे. बस, एवढंच. यात काही नवं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तुझे वडील लालबागला उतरले तेव्हा कुठे राहिले? गावकीच्या खोलीत. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा होणार, वळकट्या खुंटीला, जेवण खानावळीत. आपल्या बापजाद्यांना कुणी वह्या दिल्या नव्हत्या, गावाने खोली दिली होती. आधीचा माणूस नव्याला मिलमध्ये बदलीवर चिकटवायचा, महिनाभर उधारीवर जेवू घालायचा, आणि मग मनीऑर्डर सुरू. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या आणि त्या खोल्यांची वाटही मोडली. शाळा त्यानंतर वाढल्या, कॉलेजं वाढली, पण गावातून कामापर्यंत जाताना मधे टेकायला जी जागा होती ती कुणी पुन्हा बांधली नाही. मला विचारशील तर गरिबाच्या पोराला मदत करायची म्हणजे मुख्यतः ही जागा पुन्हा उभी करायची.

आता इथे गावात बघ. नवीन घराला लादी बसवणारे परप्रांतातले, फर्निचरवाले तिकडचेच, आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही, मरमर काम करतात. पण ते शिकले कसे? सोळाव्या वर्षी मामाबरोबर आले, त्याच्याच शेजारी झोपले, त्याच्याच डब्यात जेवले आणि वर्ष-दोन वर्षं सिमेंट कालवत बघत राहिले. त्यांना राहायला मामा होता. आमच्या पोराला सर्टिफिकेट मिळतं आणि तो घरी येऊन बसतो.

शिलाई मशीनचं तर विचारू नकोस. एका मोठ्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकार्याचा पैसा, आला होता. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के असे खर्चावे लागतात, उत्तम गोष्ट आहे. पण त्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं, त्यामुळे पैसा येतो फेब्रुवारी-मार्चात आणि वर्ग लगेच उरकायचा असतो. मार्चात आमच्या बायका कुठे असतात? काजूच्या बिया वेचायला, नाहीतर फोडायला. बोटांची सालं निघालेली, त्या हातांनी पांढऱ्या कापडाला शिवण घालायची म्हणजे! हजेरीपटावर सह्या झाल्या, फोटो झाले, मशीनं वाटली. त्यातली बरीच आज कव्हर घालून, वर टीव्ही ठेवून आहेत. कारण शिवायला शिकवलं, पण शिवून घ्यायला गिऱ्हाईक कुठून येणार याचा विचार कुणी केला नव्हता. वाडीत ब्लाऊज शिवणारी आधीच एक होती, तिचा मात्र धंदा बसला.

कोकणातलं वर्ष वेगळं चालतं, हे बाहेरून पैसे देणाऱ्याला सांगून पटत नाही. आखाडात लावणी, त्या वेळी शेतकऱ्याच्या घरात कुणाला बोलावू नये. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा कोळ्यांची, खारव्यांची पोरं मोकळी. म्हणून माझा इंजिनाचा वर्ग मी याच दिवसांत घेतो. सुरुवातीला त्यांना काही दुरुस्त करू देत नाही. गोणपाट पसरायचं, एक जुनं इंजिन खोलायचं आणि निघालेला प्रत्येक नट त्याच्या क्रमाने मांडायचा, पुन्हा तसाच चढवायचा. ज्याचा एकही नट उरत नाही त्याच्या हातात फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, देतो. टॅपेटच्या फटीत पाती सरकवायची, ती ना सैल फिरली पाहिजे ना अडकली पाहिजे, किंचित धरली पाहिजे. हे 'किंचित' पुस्तकात कसं लिहिणार? बोटाला एकदा कळलं की जन्मभर कळलं. इंजिन तापतंय म्हटलं की खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चक्र, आधी बघायचा, हेही असंच. खोल समुद्रात ज्याला हे सुचतं त्याची किंमत बोट चालवणाऱ्या तांडेलाला विचार.

पण एक गोष्ट मला उशिरा दिसली. पोरांना काम येतं, पैसे मागता येत नाहीत. "द्या काय ते" म्हणतात. म्हणून आता शेवटचा आठवडा बिल लिहायचा. मटेरियल किती, मजुरी किती, ॲडव्हान्स किती, आणि समोरचा ओळखीचा काका असला तरी मान खाली न घालता आकडा सांगायचा. यात आमच्या एक शिक्षिका काका होऊन घासाघीस करतात, आणि काय करतात म्हणून सांगू! पोरं घामाघूम.

मुलींचं थोडक्यात सांगतो. नर्सिंगच्या कोर्सला एकीचा नंबर लागला, बाप सोडायला तयार नव्हता. पैशाचा प्रश्नच नव्हता, ते आम्ही देत होतो. शेवटी त्याला आजींच्या घरी नेऊन चहा पाजला, आजींनी त्याची सात पिढ्यांची चौकशी केली आणि तो मऊ झाला. ती पोर आता हॉस्पिटलात लागलीय, धाकट्या भावाचं शिक्षण तीच करते.

कातकरवाडीपर्यंत मात्र आमचा हात पोचत नाही. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीला नाहीतर कोळसा पाडायला जातात, पोरंसुद्धा बरोबर, कारण पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन खाल्लेली असते. तिथे हंगामी वसतिगृह, रेशन आणि ती उचल असं तिन्ही एकदम धरावं लागेल. ते तुमच्या तीन लाखांचं काम नाही, आणि जुने कपडे पाठवूच नका.

गणपतीत येशील तेव्हा एक दिवस काढ, चिखलगावला जाऊ. राजा आणि रेणू दांडेकरांनी तिथे उभं केलेलं शिक्षणाचं काम आपल्याच तालुक्यात असून तू पाहिलेलं नाहीस. जमलं तर देवरुखलाही, इंदिराबाई हळबे यांचं मातृमंदिर बघायला. 1954 साली दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून सुरुवात झाली तिथे. आणि मुरूड तर इथून हाकेवर. आपल्या महर्षी कर्व्यांना मुरूडहून घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत जावं लागलं होतं परीक्षेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून बसू दिलं नाही, हे आपल्याला शाळेत सांगायचे. पण त्याच माणसाने 1886 साली मुरूड फंड काढला, बाहेरगावी कमावणाऱ्या मुरूडकरांकडून गावासाठी पैसे गोळा करायला, हे शाळेत कुणी सांगितलं होतं का? मला तरी आठवत नाही. बॅच जे करतेय ते आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं. तीन लाख एकदम खर्चू नका. बँकेत ठेवा, आणि शिवाय ज्याला जमेल त्याने महिन्याला थोडे टाका, शंभर-दोनशेसुद्धा चालतील. चार पोरं उचला, पण कोर्स संपेपर्यंत आणि वर पहिला पगार हातात येईपर्यंतचे सहा महिने धरून उचला. नोकरी लोट्याच्या एमआयडीसीत लागली तरी पहिल्या महिन्याचं भाडं आणि बूट आधीच लागतात, पगार नंतर येतो. यंदा दिले आणि पुढच्या वर्षी ग्रुप थंड पडला, तर पोराला ओढ्यावरच्या साकवाच्या मध्यावर नेऊन सोडल्यासारखं होईल. असं होणार असेल तर दोनच पोरं घ्या.

फोटोची अट ठेवू नका. पोरांना आपण कुणाच्या पैशावर शिकतोय हे कळू दे, पण चेक हातात धरून उभं करू नका. वर्षाचा हिशेब कंट्रोलरसाहेब पाठवतील, त्यांचा हिशेब म्हणजे पैशापैशाचा, वाचून कंटाळशील. आणि पाटी हवीच असेल ज्यांना, त्यांना सांग, आजींच्या मोरीचं छप्पर गळतंय, ते घालून द्या आणि आतून लावा.

तो इलेक्ट्रिशियनवाला पोरगा पुन्हा फॉर्म भरतोय. अण्णांनी त्याचा दाखला काढलाय. खोलीत एक जागा आहे, तिचं भाडं ऑगस्टपासून लागेल, तेव्हा ग्रुपवर जी चर्चा करायची ती जुलैत आटपा.

वहिनींना नमस्कार, काकूंना गुडघ्यासाठी तेल पाठवलंय ते पोचलं का कळव. गणपतीचं गाडीचं आरक्षण झालंय ना? येताना नागदेवी स्ट्रीटवरून फिलर गेजचे चार संच आण, चांगल्यातले. त्याचे पैसे मी देईन, फंडात धरू नकोस.

तुझा,
बंड्या