बहादूरची मालिका मराठीतही पुन्हा सुरू व्हावी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

इंद्रजाल कॉमिक्स ही चित्रकथामालिका १९९० मध्ये बंद पडली, त्याला आता ३५ वर्षे उलटून गेली. तरीही माझ्या पिढीची चार माणसे एखाद्या लग्नकार्यात एकत्र आली की कधी ना कधी तिचा विषय निघतोच, आणि निघाला की तो ‘ती पुन्हा सुरू व्हायला हवी’ या एका वाक्यावर येऊन थांबतो. ही इच्छा म्हणजे निव्वळ बालपणीच्या आठवणींचे कढ आहेत असे समजून तिची बोळवण होऊ नये. मालिकेचे पुनरुज्जीवन करण्याचा विचार कोणी गंभीरपणे केलाच, तर त्यात तिचा भारतीय नायक बहादूर मागे राहू नये आणि मराठी आवृत्तीही मागे राहू नये, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली तेव्हा तिचा नायक एकटा वेताळ (मूळ इंग्रजीतला फँटम) होता. ली फॉक यांनी १९३६ मध्ये, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी, निर्माण केलेला हा मुखवटाधारी वीर आपल्याकडे इतक्या ओळखीच्या नावाने आला की तो परदेशी आहे हे मला बरीच वर्षे ठाऊकच नव्हते. पुढे जादूगार मॅन्ड्रेक आला, अंतराळात फिरणारा फ्लॅश गॉर्डन आला, मासिकाचे पाक्षिक आणि पाक्षिकाचे साप्ताहिक झाले, आणि बंद होईपर्यंत मालिकेचे ८०० हून अधिक अंक निघाले. इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा अनेक भाषांतील मुले एकच गोष्ट आपापल्या भाषेत वाचत होती, आणि वेताळाचे डेंकालीचे जंगल त्या सर्वांच्या सारखेच ओळखीचे होते.

माझ्या लहानपणी आमच्या ग्वाल्हेरला मराठी अंक सहज मिळत नसे. हिंदी अंक स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर टांगलेला असे, महाराज बाड्याजवळच्या एका दुकानात तो पाच पैशांत एका दिवसासाठी भाड्यानेही मिळे. मराठी अंकांसाठी मात्र आत्याची वाट पाहावी लागे. ती वर्षातून एकदा पंजाब मेलने मुंबईहून येई आणि कोपरे दुमडू नयेत म्हणून लुगड्यांच्या घड्यांमध्ये घालून वर्षभराचे अंक ट्रंकेतून आणी. शाळेत मैत्रिणींचा तो ‘वेताल’ होता आणि घरी आमचा ‘वेताळ’. अंक हातात देण्यापूर्वी वडील मुखपृष्ठावरचे नाव मोठ्याने वाचायला लावत, आणि ‘ळ’चा ‘ल’ झाला की अंक परत ट्रंकेत जाई. आम्हा तिन्ही भावंडांच्या जिभेवर ‘ळ’ बसला तो अशा रीतीने. महाराष्ट्रातील वाचकांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ज्या गावात शाळा हिंदी, बाजार हिंदी आणि मराठी केवळ घराच्या उंबरठ्याच्या आत, तिथे मुलाला मराठी वाचनाची गोडी लावणारी वस्तू किती मोलाची असते हे इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मराठी घरांना विचारावे. मी पुढे ३४ वर्षे शिक्षिका होते. पाठ्यपुस्तकाने जे साधत नाही ते चित्राशेजारच्या दोन ओळींनी साधते, हे मी वर्गातही अनेकदा पाहिले.

आता बहादूरविषयी. १९७६ च्या अखेरीस, मी सहावीत असताना, या मालिकेत पहिल्यांदाच आपल्या मातीतला नायक अवतरला. आबिद सुरती यांनी तो रचला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारला. अंगात केशरी कुर्ता, खाली जीन, चेहऱ्यावर मुखवटा नाही, अंगी कोणतीही दैवी शक्ती नाही. त्याचे गाव जयगढ, आणि प्रदेश चंबळच्या खोऱ्याचा. म्हणजे आमचाच. त्याचा बाप भैरवसिंह हा डाकू होता आणि तो पोलिसांच्या गोळीने मेला. त्याला मारणाऱ्या विशाल या अधिकाऱ्याचा सूड घ्यायला निघालेला मुलगा अखेर त्याच अधिकाऱ्याच्या छायेत वाढतो, डाकूंच्या विरोधात उभा राहतो आणि गावकऱ्यांना संघटित करून नागरिक सुरक्षा दल उभारतो.

ही कथा आम्हा ग्वाल्हेरच्या मुलांपर्यंत कशी पोहोचली असेल याची कल्पना बाहेरच्या वाचकाला येणे कठीण आहे. जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे एप्रिल १९७२ मध्ये बागींनी गांधीजींच्या तसबिरीसमोर शस्त्रे ठेवली होती, त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. (येथे खेड्यापाड्यांत डाकू हा शब्द वापरत नाहीत, बागी म्हणतात, आणि त्या एका शब्दात त्यांच्याविषयीची भीती आणि आदर दोन्ही असतात.) मलखानसिंह १९८२ मध्ये आणि फूलनदेवी १९८३ मध्ये भिंडला शरण आल्या, म्हणजे बहादूरचे अंक निघत होते तेव्हा बेहडांतील, म्हणजे चंबळकाठच्या घळींतील, टोळ्या खऱ्याच होत्या. आमच्या वाड्यात दूध घालायला येणारे गृहस्थ भिंडकडचे होते. त्यांचा सख्खा चुलतभाऊ बागी होऊन गेलेला. एकदा माझ्या हातातला बहादूरचा अंक त्यांनी मागून घेतला, ओसरीच्या पायरीवर बसून बराच वेळ चित्रे पाहिली आणि बेहडाच्या एका चित्रावर बोट ठेवून विचारले, “बिटिया, इस लड़के का बाप सच्ची में बागी था?” मी हो म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पुढचा अंक कधी येणार हे त्यांनी विचारले. त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढचे सगळे अंक मी त्यांना वाचून दाखवले, मराठीतून वाचत आणि हिंदीतून सांगत.

वेताळाच्या अंकाने असे कधी घडले नसते. तो आम्हाला दूरच्या जंगलात घेऊन जाई आणि ते हवेहवेसे होते, पण बागीच्या मुलाने बागी व्हायलाच हवे असे नाही, हा विचार ज्या प्रदेशात लोकांना खरोखर लागू होता त्याच प्रदेशात तो एका पातळ, रंगीत अंकातून पोहोचला. बेलाचाही उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. बहादूरची ही सहचारिणी खांबाला बांधून ठेवण्यापुरती आणि सुटका करून घेण्यापुरती कथेत नव्हती. ती लढत असे, निर्णय घेत असे, आणि मला त्या वयात चित्रकथेतील दुसरी कोणतीही स्त्री तशी भेटली नव्हती.

मालिका बंद झाल्यावर वेताळ आणि मॅन्ड्रेक अनाथ झाले नाहीत. डायमंड कॉमिक्सने त्यांच्या कथा पुढे छापल्या. ऑस्ट्रेलियात फ्रू या प्रकाशनसंस्थेने १९४८ पासून वेताळाचे अंक चालू ठेवले आहेत, आणि स्वीडनमध्ये १९५० पासून त्याच्या नावाचे नियतकालिक निघते. ली फॉक १९९९ मध्ये गेले, तरी त्यांचा नायक नव्या लेखक-चित्रकारांच्या हाती जिवंत आहे. बहादूरला असे दुसरे घर नाही. तो भारतात, भारतीय वाचकांसाठी, भारतीय भाषांत निघालेल्या मालिकेचा नायक आहे, आणि आपण त्याला पुन्हा उभे केले नाही तर स्टॉकहोममध्ये किंवा सिडनीत कोणी ते करणार नाही. पुनरुज्जीवनाची चर्चा होते तेव्हा वेताळाचे नाव आधी येते, ते स्वाभाविकही आहे. माझी विनंती एवढीच की क्रम उलटा असावा.

चाहत्यांनी स्वतःच वर्गणी काढून अंक छापावेत, असेही काही जण उत्साहाने सुचवतात. तसे करता येत नाही आणि करूही नये. आपल्या कायद्यानुसार लेखक-चित्रकारांचे हक्क त्यांच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतात, आणि ज्यांनी आपल्याला हे दिले त्यांचा मोबदला बुडवून त्यांच्याविषयी प्रेम व्यक्त करणे मला तरी पटत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांनीच हे मनावर घ्यायला हवे, आणि त्यांनी ते घ्यावे यासाठी वाचकांनी मागणी नोंदवायला हवी. ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने सर्वांना वाचण्यासाठी खुले केले, तेव्हा माझ्या वयाच्या कितीतरी लोकांनी ते पहिल्या अंकापासून पुन्हा वाचले. मराठीत जुने बालसाहित्य शोधणारा वाचक आहे, हे त्यावरून दिसते.

यावर ठरलेला आक्षेप असा की आजची मुले चित्रकथा वाचत नाहीत, ती मोबाइल पाहतात. माझा बारा वर्षांचा नातू जपानी चित्रकथा वाचतो. त्या शेवटच्या पानापासून सुरू होतात, चौकटी उजवीकडून डावीकडे वाचाव्या लागतात, आणि पात्रांची नावे मला उच्चारताही येत नाहीत. तो मात्र एका मालिकेचे वीस-वीस भाग खाऊचे पैसे साठवून विकत घेतो, मित्रांशी अदलाबदल करतो आणि पुढचा भाग येईपर्यंत दिवस मोजतो. आम्ही याहून वेगळे काय करत होतो? जी मुले अनोळखी देशातील गोष्ट उलट्या दिशेने वाचायला शिकतात, त्यांना चित्रकथेचे वावडे आहे असे म्हणता येणार नाही. त्यांच्या हाती मराठीत काय दिले जाते, हा खरा प्रश्न आहे. गेल्या दिवाळीत मी त्याला माझ्याकडचा बहादूरचा एक अंक दिला. जोडाक्षरांवर अडखळत, एका बैठकीत तो संपवून त्याने पहिला प्रश्न केला, तो पुढे काय झाले हा. पुढचा अंक माझ्याकडे नव्हता.

पुनर्मुद्रण झालेच तर ते कसे असावे, याविषयीही थोडे लिहिते. जुन्या चित्रकथांची पुनर्मुद्रणे बहुधा जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत कागदाची आणि हजाराच्या घरातील किमतीची केली जातात. ती संग्राहकांच्या कपाटात शोभतात. इंद्रजालचा अंक पातळ होता, मधोमध दोन पिना मारलेला होता, दप्तरात गुंडाळून नेता येत होता आणि हरवला तर रडू येई, पण घरात मार बसत नसे. मुलाला स्वतःच्या पैशाने विकत घेता यावा असाच तो पुन्हा निघावा. १९७६ च्या पहिल्या कथेपासून क्रमाने सुरुवात व्हावी आणि हिंदी, इंग्रजीबरोबर त्याच दिवशी मराठी अंकही यावा. ‘आधी हिंदीत पाहू, चालले तर मराठीत आणू’ असे एकदा ठरले की मराठीचा नंबर लागत नाही, हा आम्हा महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांचा जुना अनुभव आहे.

आणि केवळ जुन्याच कथांवर थांबू नये. चंबळच्या खोऱ्यात आता घोड्यांवरून फिरणाऱ्या टोळ्या नाहीत, पण बहादूरला काम उरले नाही असे मुळीच नाही. ज्या नदीच्या वाळूत घडियाल (सुसरी) अंडी घालतात आणि जिचा काठ अभयारण्य म्हणून राखलेला आहे, त्या नदीतून रात्रीच्या वेळी वाळूच्या ट्रॉल्या भरून जातात. मार्च २०१२ मध्ये मुरैना जिल्ह्यात बेकायदा दगड वाहणारा ट्रॅक्टर अडवताना एक तरुण पोलीस अधिकारी त्याखाली चिरडला गेला. जेसीबी लावून बेहड सपाट केले जात आहेत. नागरिक सुरक्षा दलाला आज कोणासमोर उभे राहावे लागेल हे आम्हाला इथे बसून स्पष्ट दिसते, आणि ते लिहू शकतील, चितारू शकतील असे तरुण या भागात आहेत. फक्त त्यांनी बहादूरला मुखवटा चढवू नये आणि उडायला लावू नये. तो तुमच्याआमच्यासारखा माणूस आहे, म्हणूनच दूध घालणाऱ्या गृहस्थांना तो खरा आहे की काय असे वाटले होते.

मराठी अंकांच्या बाबतीत एका गोष्टीची मला विशेष काळजी वाटते. हिंदी आणि इंग्रजी अंक संग्राहकांकडे पुष्कळ आहेत, मराठी अंक त्या मानाने फार क्वचित दिसतात. आमच्या घरचे सुमारे दीडशे अंक वडिलांनी कापडी पाठीची बांधणी करून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर आम्ही ते सर्वांना वाचता यावेत म्हणून एका वाचनालयाला दिले. काही वर्षांनी ते वाचनालय बंद झाले आणि आम्हाला न कळवता सगळे रद्दीत गेले. बांधणीला दिलेले नव्हते म्हणून तेवढे अकरा अंक माझ्याकडे उरले. त्यांतील चार बहादूरचे आहेत. एकाचे मागचे पान नाही, बाकीचे पूर्ण आहेत, आणि त्यांवर आत्याने पेन्सिलीने घातलेल्या तारखा अजून वाचता येतात.

कोणी प्रकाशक हक्कांची रीतसर पूर्तता करून मराठी आवृत्ती काढणार असेल आणि त्याला मूळ मराठी मजकूर मिळत नसेल, तर हे अंक छायाप्रतींसाठी देण्यास मी तयार आहे. टपालाने किंवा कुरियरने मात्र पाठवणार नाही. पंजाब मेल अजूनही ग्वाल्हेरला थांबते, मी स्वतः घेऊन येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर