भरतीच्या वेळेत २३ मिनिटांची चूक : आपल्या पॅकेजबद्दल तक्रार

रत्नागिरी,
दि. १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : समुद्राच्या भरती-ओहोटी विश्लेषणाच्या संगणकीय पॅकेजमधील जुन्या लायब्ररीमुळे (तयार कोडच्या संचामुळे) चुकणाऱ्या वेळा

महोदय,

मी रत्नागिरी तालुक्यात सर्वेक्षणाची कामे करतो. पूर्णगडच्या खाडीत पाण्याची पातळी मोजणारे माझे यंत्र आहे. त्याच्या नोंदी आपल्या पॅकेजमध्ये घालून मी पुढच्या महिन्याचे भरतीचे कोष्टक काढतो आणि ओळखीच्या मच्छीमारांना छापून देतो. खाडीच्या तोंडाशी वाळू असल्यामुळे पाणी पुरेसे चढल्याशिवाय होडी आत घेता येत नाही.

मे महिन्यात विजेच्या लोळाने माझा जुना संगणक गेला. नव्यावर आपले पॅकेज उघडेना. ‘नमपाय’मध्ये (पायथन या संगणक भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी) ‘फ्लोट’ (दशांश संख्येच्या प्रकाराचे नाव) नाही, एवढाच संदेश. हे नाव २०२१ च्या जानेवारीत आलेल्या १.२० आवृत्तीत मोडीत काढायचे ठरले आणि १.२४ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२२ ला, काढून टाकले गेले. मधली जवळजवळ दोन वर्षे चालवताना सूचना दिसत होती. आपल्याकडे ती कोणी वाचली नाही. मदत क्रमांकावर उत्तर मिळाले, ‘सर, जुनं नमपाय टाका.’ इथवर मी कुरकुर करून गप्प बसलो असतो.

जुलैत आपण सुधारित पॅकेज पाठवले. ते उघडले, आलेख सुंदर आले. मासेमारीची बंदी संपून १ ऑगस्टला होड्या सुटल्या आणि तिसऱ्या दिवशी एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, दारात उभा. म्हणाला, ‘तुमचा कागद पाण्याच्या पुढे पळतोय.’ आदल्या दिवशी त्याच्या होडीचा तळ वाळूला घासला होता. नशिबाने मोडतोड झाली नाही. उधाणाला मधल्या तासांत पाणी तासाला अर्धा मीटर चढते. २३ मिनिटे लवकर आलात तर जवळजवळ वीतभर पाणी कमी. मोठ्या बंदरात वीतभर पाण्याचे कोणाला काही वाटणार नाही, आमच्या खाडीत तेवढ्यावर होडी अडते.

आपल्या अभियंत्याने दोष माझ्या यंत्राच्या घड्याळावर ढकलला. म्हणून मी जेट्टीवर मोजपट्टी लावून, मोबाइलची वेळ बघत चार दिवस बसलो, तेही ऑगस्टच्या पावसात. कोष्टकातली प्रत्येक भरती सुमारे २३ मिनिटे अलीकडे निघाली, दिवसाची असो की रात्रीची. वाऱ्याने किंवा हवेच्या दाबाने पडणारा फरक रोज बदलतो. रोज तेवढाच फरक पडला तर तो आकडेमोडीतच असणार.

माझी भाची अभियांत्रिकीला आहे. तिने फोल्डर उघडून अर्ध्या तासात घोळ दाखवला. आपला नवा कोड प्रत्येक नोंदीच्या वेळेला ‘आशिया/कोलकाता’ हा वेळविभाग (टाइम झोन) थेट चिकटवतो. ही पद्धत पायथन ३.९ सोबत २०२० मध्ये आलेल्या ‘झोनइन्फो’ या वेळविभागांच्या लायब्ररीची. पण पॅकेजमध्ये विभाग पुरवणारी लायब्ररी मात्र जुनी ‘पाय-टी-झेड’च राहिली. तिचा विभाग वेळेला असा थेट चिकटवला की ती ग्रिनिचच्या वेळेशी फरक ५ तास ३० मिनिटांऐवजी ५ तास ५३ मिनिटे धरते. ही भारताची प्रमाणवेळ ठरण्याआधीची कोलकात्याची स्थानिक वेळ. नोंद आत जाताना ५:५३ वजा होतात, बाहेर येताना ५:३० मिळवले जातात, म्हणून सकाळी ६ ची नोंद ५:३७ ची होते. (रत्नागिरीची स्वतःची सूर्यवेळ काढलीत तर ती साधारण ४ तास ५३ मिनिटे भरते. आमच्या तांडेलांना कोलकात्याचा सूर्य कशाला?)

आपण कोड नव्या पद्धतीने लिहिलात आणि लायब्ररी जुनीच ठेवलीत. दोन्ही आपल्याच खोक्यातून आले, तेव्हा ‘ग्राहकाच्या संगणकावर काहीतरी असेल’ हे उत्तर मी स्वीकारणार नाही. दुरुस्ती अवघड नाही. पाय-टी-झेड ठेवायची तर विभाग जोडायची तिची ‘लोकलाइझ’ ही आज्ञा वापरा. झोनइन्फो घ्यायचे तर विंडोजसाठी ‘टीझेडडेटा’ (वेळविभागांची माहिती) सोबत द्या, नाहीतर माझ्याकडे पुन्हा काही उघडणार नाही. भारतात घड्याळे पुढेमागे होत नाहीत, सरळ साडेपाच तास लिहिले असते तरी चालले असते.

दुरुस्त पॅकेज मला १ सप्टेंबरपूर्वी मिळावे आणि त्यासोबत कोणत्या लायब्ररीची नेमकी कोणती आवृत्ती घातली आहे त्याची यादी असावी. पाठवण्यापूर्वी सोबतच्या ३० दिवसांच्या नोंदी त्यातून काढून पाहा. खऱ्या वेळा शेजारच्या रकान्यात आहेत. जुलैचे पॅकेज ज्यांना ज्यांना गेले त्या सर्वांना आजच कळवा, कारण त्यांच्याही भिंतीवर असाच कागद असेल. हे जमत नसेल तर वर्षाची वर्गणी परत करा; नाहीतर मी ग्राहक आयोगाकडे जाईन, हेही सांगून ठेवतो.

ऑगस्टचे उरलेले कोष्टक मी प्रत्येक आकड्यात हाताने २३ मिनिटे मिळवून पुन्हा छापले आहे.

आपला,
एक वर्गणीदार ग्राहक

सोबत : ३० दिवसांच्या नोंदींची फाइल, मोजपट्टीची छायाचित्रे, जुलैचे मूळ कोष्टक