हिशेबाच्या जुन्या वह्या रद्दीत देऊ नका

अहिल्यानगर, नाशिक, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातील जुन्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) मंडळ्यांचे सभासद, पास्टरेट कमिट्या आणि पाळकांचे वारस यांना सप्रेम सलाम.

दाखल्यासाठी लागते म्हणून बाप्तिस्म्याचे रजिस्टर प्रत्येक मंडळी जपते. जमाखर्चाच्या वह्या मात्र रंगकाम निघाले की सर्वांत आधी बाहेर पडतात. खरे तर जास्त काळजी त्यांचीच घ्यायला हवी. जुन्या पाळकांचे घर कसे चालले हे त्यांतूनच कळते, म्हणून त्यांची छायाचित्रे काढून ठेवण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. ब्रिटिश अमदानीत बाप्तिस्मे, विवाह आणि दफन यांच्या बऱ्याच नोंदींच्या नकला लंडनला जात; मुंबई इलाख्याच्या त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. चर्च मिशनरी सोसायटीचे (सीएमएस) दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे, तर सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल (एसपीजी) या दुसऱ्या अँग्लिकन मिशनचे ऑक्सफर्डमध्ये. मिशनने किती रक्कम मंजूर केली हे तिथे कळते. गावच्या पाळकाच्या हाती प्रत्यक्ष काय पडले हे गावच्या वहीतच असते, आणि त्या वहीची नक्कल कोणी केलेली नसते.

१८३३ च्या सनदी कायद्याने मुंबईच्या बिशपला ईस्ट इंडिया कंपनीच्या महसुलातून वर्षाला २४,००० सिक्का रुपये ठरवून दिले. थॉमस कार १८३७ मध्ये पहिले बिशप झाले. लष्करी छावण्यांतले चॅप्लेन (तिथले पाळक) हेही सरकारी पगारदार होते. मराठी मंडळीचा पाळक या यादीत नव्हता. त्याचे घर मिशनच्या अनुदानावर आणि मंडळीच्या वर्गणीवर चाले. १८४१ ते १८७२ या काळात सीएमएसचे चिटणीस असलेले हेन्री व्हेन यांचे धोरण असे होते, की देशी मंडळीने आपला पाळक स्वतः पोसावा आणि अनुदान हळूहळू कमी व्हावे. या विचारातला स्वाभिमान आम्हाला आजही पटतो. पण खेड्यांतल्या मंडळ्या बहुतांशी गरीब, भूमिहीन कुटुंबांच्या होत्या, आणि मध्येच १८७६–७८ चा व १८९९–१९०० चा दुष्काळ आला.

इंग्लंडातही गरीब पाळक होतेच. त्यांच्यासाठी १७०४ मध्ये राणी ॲनचा निधी उभा राहिला. तो गरीब पॅरिशला (एका पाळकाच्या हद्दीला) २०० पौंडांचे भांडवल देई, तेही सहसा जमीन घेण्यासाठी, म्हणजे उत्पन्न कायम राहावे. पुढे १८३६ च्या कायद्याने दशांश (शेतीच्या उत्पन्नातला चर्चचा दहावा हिस्सा) धान्यभावांच्या ७ वर्षांच्या सरासरीला बांधला गेला. १८७० नंतर भाव कोसळले आणि १०० पौंडांचे दशांश-उत्पन्न १९०१ पर्यंत सुमारे ६६ पौंडांवर आले. तिथला पाळक धान्याच्या स्वस्ताईने गरीब झाला. रोख पगारावरचा आमचा पाळक दुष्काळातल्या महागाईने. महिन्याचा पगार आणि त्याच महिन्यातला ज्वारीचा भाव एका पानावर सापडला, तर हे आकड्यांनी दाखवता येईल. म्हणून या वह्या हव्या आहेत.

पहिली विनंती वह्यांसाठी. मालकी तुमचीच राहील. पानांची संख्या लिहिलेली पावती मिळेल आणि छायाचित्रे काढून वही परत येईल. कव्हर, कोरी पाने, मध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्या, सगळ्याचे छायाचित्र काढू.

दुसरी विनंती मोडी वाचणाऱ्यांना. प्रत्येक पान दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचे आहे, कारण सर्वाधिक चुका आकड्यांत होतात. रुपयानंतरची उभी रेघ ४ आण्यांची, आडवी १ आण्याची. ‘३॥’ म्हणजे साडेतीन रुपये. घाईत त्याचे ३११ होतात. धान्यरूपातले अर्पण किलोत बदलू नका. पायली ४ शेरांची असली तरी मण कुठे १२ पायल्यांचा, कुठे १६ चा. जसे लिहिले तसेच उतरवा. शिल्लक बघून मंडळी सुस्थितीत होती असेही समजू नका. पाळकाचा थकलेला पगार ‘बाकी’ म्हणून पुढे ओढला असेल, तर ती शिल्लक त्याच्याच पोटातून निघालेली असते. पाळकाच्या स्वतःच्या नावावरची वर्गणी जमेच्या बाजूला आहे का, तेही पाहा.

तिसरी विनंती साहित्य आणि देणगीची. आम्लमुक्त कागदी पेट्या, दर चौरस मीटरला ९ ते १२ ग्रॅम वजनाचा जपानी टिश्यू (फाटलेली पाने जोडण्याचा पातळ कागद), मऊ ब्रश, टिपकागद आणि ३ हार्ड डिस्क (एकाच छायाचित्राच्या ३ प्रती ३ ठिकाणी राहतील) एवढे लागेल. रोख देणगी मंडळीच्या खजिनदारांकडेच द्या आणि क्रमांक छापलेली पावती घेतल्याशिवाय उठू नका.

दुष्काळी मदतीच्या याद्यांत कुटुंबांची नावे असतात. ती आम्ही प्रसिद्ध करणार नाही.

तोवर घरी एवढे पाळा. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन पूर्ण वर्ज्य. बांधणीवाल्याची मोरचूद घातलेली खळही नको. मोरचुदाने कागद जळतो. जुन्या लोहयुक्त शाईने पानाला भोके पडली असतील तर तिथे ओला हात लावू नका, ओलीने शाई पसरून कागद आणखी खाते. भिजलेली वही उन्हात न ठेवता दर २० पानांमागे टिपकागद घालून पंख्याखाली वाळवा. बुरशी दिसली तर मास्क लावून वही घराबाहेर उघडा. वही आणताना प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, आडवी ठेवून आणा. रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या कार्यालयात आमचे सभासद वह्या स्वीकारतील.