इदेगेयवरचा ठराव

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

सत्तेला इतिहास वाकवायचा असला की ती नेमकं काय करते, असं तू विचारलं होतंस. सध्या मी रशियात व्होल्गा नदीकाठी असलेल्या कझानच्या तातारांच्या मध्ययुगाबद्दल वाचतोय. ते वाचून वाटतं, बंदी ही सुरुवात असते. खरं नुकसान, अभ्यासकांना कुठला प्रश्न विचारायची मुभा उरते, तिथे होतं.

९ ऑगस्ट १९४४. महायुद्ध पेटलेलं होतं आणि सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाची केंद्रीय समिती तातार पक्षसंघटनेवर ठराव करत होती. आरोप असा की, तातार लेखक आणि इतिहासकार गोल्डन होर्डचं, म्हणजे चंगीझखानाचा नातू बातू याने व्होल्गाकाठी उभारलेल्या राज्याचं, उदात्तीकरण करतात आणि ‘इदेगेय’ या ‘खानी-सरंजामी’ महाकाव्याचा प्रचार करतात. नकी इसानबेत यांनी लोकांच्या तोंडी असलेले पाठ जुळवून त्याची संहिता सिद्ध केली होती. ती १९४० मध्ये छापूनही आली होती. या काव्यात इदेगेय होर्डच्याच तोख्तामिश खानाच्या विरोधात उभा राहतो. मग ते खानांचं काव्य कसं? माझ्या मते खरी अडचण इतिहासातल्या इदेगेयची होती. १४०८ मध्ये त्याने मॉस्कोला वेढा घातला आणि ३,००० रूबल खंडणी वसूल करूनच तो मागे फिरला.

त्याच वर्षी, १९४४ मध्ये, १८ मेपासून सोव्हिएत सत्तेने क्रिमियातल्या तातारांना हद्दपार केलं होतं. आणि ठरावानंतर सोळाच दिवसांनी, २५ ऑगस्टला, कझानचा तातार कवी मूसा जलील याला नाझींनी बर्लिनमध्ये ठार मारलं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं, अविनाश. पुढे वाचवेना.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एप्रिल १९४६ मध्ये मॉस्कोत कझान तातारांच्या उत्पत्तीवर सोव्हिएत विज्ञान अकादमीचं सत्र भरलं. तिथे कौल पडला, तो हे लोक मुख्यत्वे व्होल्गा बल्गारांचे, म्हणजे होर्डच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या लोकांचे, वंशज असल्याचा. या मताला आधार नाही असं नाही. बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान ९२२ मध्ये त्याच बल्गारांच्या दरबारी गेला होता. पण होर्डकडे जाणारी वाट धोक्याची झाली आणि ही सुरक्षित, म्हणून सगळे हिच्यावरूनच चालू लागले. बोल्गार गावातले अवशेषच बघ ना. काळी वास्तू, छोटा मिनार, दगडी कबरींच्या इमारती, बल्गारांचा वारसा म्हणून लोक ज्या बघतात, त्या १३व्या-१४व्या शतकातल्या आहेत. म्हणजे बातूच्या १२३६ च्या स्वारीनंतरच्या, होर्डच्याच काळातल्या! दगड समोर उभे, पण त्यांना त्यांच्या काळाचं नाव द्यायची चोरी.

मिखाईल खुद्याकोव हा रशियन इतिहासकार. कझानच्या खानतीचा इतिहास त्याने १९२३ मध्ये कझानच्या बाजूने लिहिला. १५५२ मध्ये रशियाच्या झार इव्हान द टेरिबलने जिंकून घेतलेल्या राज्याला त्याने लुटारूंचा अड्डा ठरवलं नाही. १९३६ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. ते पुस्तक पुन्हा छापायला १९९० उजाडावं लागलं. त्यात लिपीही दोनदा बदलली, १९२७ च्या सुमारास अरबीची लॅटिन आणि १९३९ मध्ये लॅटिनची सिरिलिक. आपल्याकडे मोडी न येणाऱ्या मुलापुढे पेशवे दफ्तर ठेवावं तशी नातवंडांची गत झाली.

सोव्हिएत संघ गेल्यावर तरी मोकळं झालं का? अर्धंच. काहींनी बल्गार बाजू इतकी ताणली की ‘तातार’ हे नावच टाका म्हणू लागले. दुसऱ्यांना होर्डमध्ये फक्त वैभव दिसू लागलं, आणि तिने जाळलेली शहरं दिसेनाशी झाली. दोघांचाही मला राग येतो, कारण ज्या लोकांचा भूतकाळ एकदा हिरावून घेतला गेला, त्यांना आता पुन्हा अर्धाच मिळतोय.

मला आदर वाटतो तो तातार इतिहासकार मिरकासिम उस्मानोव यांच्याबद्दल. खेडोपाडी हिंडून त्यांनी घराघरांतली जुनी हस्तलिखितं गोळा केली आणि १९७९ मध्ये, अजून वारं उलटंच असताना, होर्डच्या खानांच्या सनदांवर ग्रंथ काढला. सनद कोणाला दिली, कर कोणता माफ केला, शिक्का कुठे मारला, असं एकेक बारकाईने तपासलं. दिवाळीनंतर तू वर्गात मंगोल शिकवशील तेव्हा खुद्याकोव आणि उस्मानोव ही दोन नावं मुलांना जरूर सांग. टिपणं मी पाठवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर