मित्रास पत्र : एकच प्लग, फ्रीज नाही, तरी ताट भरलेलं

खानापूर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. बेळगावात उद्यमबागेत काम लागलं, अनगोळात खोली मिळाली, मालक गॅस ठेवू देत नाही, फ्रीज नाही आणि घरी पैसे पाठवून हातात फार काही उरत नाही, हे सगळं वाचलं. अशा खोलीत दोन वेळचं कसं शिजवायचं म्हणून विचारलंस. माझं ऐकशील तर दोन वेळचं शिजवूच नकोस. सकाळची आंबील सोडली तर दिवसातून एकदाच शिजव, आणि त्यात डाळ किंवा उसळ असू दे. भाकरी विकत घे. बाकीचं सगळं न शिजवता खाता येईल असं ठेव. आपल्याकडं हे सहज जमतं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, ताक आणि ताटाच्या कडेला कच्ची मेथी नि कांदा, हे जेवण या भागात पूर्वीपासून आहेच की.

भाकरी विकत का, ते सांगतो. ज्वारीची भाकरी शेवटी विस्तवावर फुगवायची असते आणि इंडक्शनवर ती पायरीच नाही. आच कॉइलपुरतीच लागते, त्यामुळं मध्ये करपते आणि कडा कच्च्या राहतात. शिवाय एकट्या माणसाचं पीठ लवकर संपत नाही. जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरी फाटते. त्यापेक्षा खानावळीतून, नाहीतर घरून भाकऱ्या करून देणाऱ्या एखाद्या मावशींकडून रोज तीन घे. सोबत कडक भाकरीची एक चवड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. कोरडी राहिली तर काही आठवडे टिकते. आपल्या पावसाळ्यात मात्र दमट हवेनं मऊ पडते आणि मग बुरशी धरते. म्हणून आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग डब्यात टाक. एका भाकरीवर हिरवट ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा मोडून बाकीची खाऊ नकोस, ती अख्खी टाक आणि शेजारच्या भाकऱ्या उजेडात बघून घे.

आता पैशाचा हिशेब. भात-भाकरीनं पोट भरतं, पण कमी पैशात जेवणाऱ्याच्या ताटात कमी पडतात ती प्रथिनं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागं रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. तुझं वजन ६० किलो धरलं तर ५० ग्रॅम झाली. ती कशी भरतात बघ. साधारण ८० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ८ ग्रॅम, तीन भाकऱ्यांची २४. कोरडी मटकी ५० ग्रॅम घेतली तर ११. शेंगदाणे ३० ग्रॅम, म्हणजे एक मूठ, त्यात ७. मूग किंवा मसूर डाळ ३० ग्रॅम, त्यात ७. दीडशे ग्रॅम दही, त्यात साधारण ५. झाले की ५४, अंड्याशिवाय. भाकरीतल्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो आणि डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो, म्हणून भाकरीबरोबर उसळ हवीच.

दुकानात उभा राहून वस्तू स्वस्त की महाग ते किलोच्या भावावरून ठरवू नकोस, प्रथिनांवरून ठरव. समज मटकी १२० रुपये किलो आहे. म्हणजे १२ रुपयांत २३ ग्रॅम प्रथिनं मिळाली. अंडं ७ रुपयांना असेल तर त्यात ६ ग्रॅम. सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅममागं ५० च्या वर असतात, पण त्या रोज खाववत नाहीत. आठवड्यातून दोनदा ३० ग्रॅम, गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून आमटीत टाकल्यास तर वास येत नाही. भाव बदलतील, हिशेब हाच ठेव. याच हिशेबानं बिस्किटांचा पुडा आणि भजी बघ, मग कळेल खिसा कुठं फाटतोय.

भांडं घ्यायच्या आधी सॉकेट बघ. बारीक भोकांचा सॉकेट ६ अँपिअरचा, जाड भोकांचा १६ चा. आपल्याकडं २३० व्होल्ट धरले तर १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते आणि २००० वॅटची इंडक्शन शेगडी पावणेनऊ. बारीक सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून शेगडी चालवली की आधी पिन तापते, मग प्लास्टिक पिवळं पडतं आणि एक दिवस जळका वास येतो. शेगडी १००० वर ठेवली तरी भरवसा नाही. कमी आच म्हणजे पुष्कळ शेगड्या पुन्हा पुन्हा जास्त जोरावर चालू-बंद होतात. म्हणून बारीक सॉकेट असेल तर सरळ एक लिटरचा इलेक्ट्रिक राइस कुकर घे. तो ४०० वॅटच्या आसपास असतो, दोन अँपिअर सुद्धा पुरते लागत नाहीत. अर्धा तास चालवला तर पाव युनिटही जळत नाही. मालकाचा मीटर घरगुती असेल आणि त्याला गृहज्योतीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचा, लाभ असेल तर कुकरला एवढीच वीज लागते हे त्याला समजावून सांग. मात्र महिन्याला २०० युनिटच्या पुढं गेलं की अख्खं बिल भरावं लागतं, तेव्हा त्याची काळजी अगदीच उगाच नाही.

राइस कुकरचं तंत्र एकदा समजून घे, निम्मे घोटाळे टळतील. भांड्यात पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या वर जात नाही. पाणी आटलं की तळ तापतो आणि खटका वर उडतो. म्हणून भात आणि घट्ट खिचडी आपोआप बंद होते. पातळ आमटी बंद होत नाही, ती उतू जात राहते. आमटीला घड्याळ लावूनच बस. भांडं अर्ध्याच्या वर भरू नकोस, चमचाभर तेल आधीच घाल म्हणजे फेस कमी येतो, आणि झाकण तिरकं ठेव. फोडणीचंही तसंच. कोरड्या भांड्यात तेल घातलं तर मोहरी तडतडायच्या आधीच खटका उडतो. खटक्याखाली चमचा अडकवून तो दाबून ठेवणारे लोक आहेत. तसलं काही करू नकोस, आत थर्मोस्टॅट आहे, तोच तुझी खोली वाचवतो. त्याऐवजी घरून येताना मोहरी, जिरं, हिंग, हळद यांची तेलातली फोडणी छोट्या बरणीत करून आण आणि शिजलेल्या डाळीवर चमचाभर घाल. या बरणीत ओली लसूण टाकू नकोस. तेलात बुडालेली ओली लसूण बाहेर राहिली तर तिच्यात वास-रंग न बदलता जीवघेणं विष तयार होऊ शकतं. लसूण आयत्या वेळी ठेचून डाळीबरोबरच शिजव.

खिचडीचं माप दे म्हणालास. तांदूळ ६० ग्रॅम, मूगडाळ ४० ग्रॅम, दोन्ही धुऊन अर्धा तास भिजत, मग भिजवलेलं पाणी टाकून नवीन अर्धा लिटर पाणी, मूठभर चिरलेलं गाजर किंवा कोबी, हळद, मीठ, तेल. पंचवीस मिनिटांत होते. डाळ मूग किंवा मसूरच घे. तूर उघड्या भांड्यात तासभर खाते आणि तरी दाणा वेगळा राहतो.

उसळीसाठी मटकी आठ तास भिजव, पाणी पूर्ण निथळ, ओल्या फडक्यात सैल बांध. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, श्रावणात किंवा थंडीत दिवस-दीड दिवस लागतो. घट्ट बांधलीस किंवा पाणी राहिलं तर बुळबुळीत होते आणि आंबूस वास येतो. तशी झाली तर धुऊन खायची नाही, टाकायची. मोड कच्चे खाण्यापेक्षा दहा मिनिटं उकळून खा. ज्या ओलाव्यात मोड येतात त्यातच जंतूही वाढतात.

कडधान्य शिजतच नाही अशी तक्रार तू करणारच, म्हणून कारणं आधीच लिहितो. एक, माल जुना असतो. वर्ष-दोन वर्षांचा हरभरा कितीही भिजव, दगडच राहतो. दोन, बोअरचं जड पाणी. त्यातल्या कॅल्शियमनं साल मऊ होत नाही, म्हणून भिजवायला आणि शिजवायला नळाचं पाणी वापर. तीन, चिंच-टोमॅटो आधी पडलेला असतो. आंबट नेहमी शेवटी. सोडा घालून मऊ होतं, पण त्यात ब-१ जीवनसत्त्व जातं, तेव्हा त्या वाटेला जाऊ नकोस. राजमा तर या कुकरात किंवा थर्मासमध्ये लावूच नकोस. तो भिजवून, पाणी बदलून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. नुसत्या कोमट आचेवर राहिला तर उलट्या लागतात.

फ्रीज नाही म्हणून उरवायचं नाही, एवढंच लक्षात ठेव. भाताकडं विशेष बघ. शिजलेला भात रात्रभर उबेत राहिला तर त्यात होणारं विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून भात मोजून लाव, उरेल असं वाटलं तर भाकरी एक कमी खा. दूध आणशील तर नंदिनीची लहान पिशवी, उकळून तासा-दोन तासांत वापर, नाहीतर दह्याचं पाकीट घेऊन दुपारी अर्धं खा आणि उरलेल्याचं संध्याकाळी ताक कर. अंडी धुवून ठेवू नकोस, सालीवरचा थर जातो. सावलीत आठवडा आरामात राहतात. कांदे आणि बटाटे एका टोपलीत घालू नकोस. एकमेकांच्या शेजारी दोन्ही लवकर खराब होतात.

चटणी घरूनच येऊ दे. पाव किलो भाजलेले शेंगदाणे, दहा-बारा पाकळ्या लसूण, दोन चमचे तिखट, एक चमचा जिरं, दीड चमचा मीठ, आणि कांडायची खलबत्त्यातच. मिक्सर सलग फिरला की तेल सुटून गोळा होतो. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, कडू लागणारे काढून टाक. तशा दाण्यांत बुरशी असू शकते आणि तिचं विष भाजून जात नाही. जवसाची चटणीही आण. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं, कुटलेलंच अंगी लागतं. कारळाची चटणी चवीला, आणि ती चव मला विचारशील तर तिन्हींत वरची.

भाजीसाठी तुझं नशीब थोर. बेळगावातून गाड्या भरून भाजी गोव्याला जाते आणि तू त्या बाजाराच्या दारात राहतोस. संध्याकाळी उशिरा जा, पालेभाजीवाले पेंढ्या संपवायला बघत असतात. पाला मात्र त्याच रात्री खा. मेथी, मुळ्याचा पाला, कांद्याची पात, काकडी, गाजर हे कच्चं चालतं. वाहत्या पाण्यात तीनदा धू, मेथीची मुळं आधी तोड, माती तिथंच अडकते. लिंबू पिळ, भाजी-डाळीतलं लोह त्यानं अंगी लागतं. चहा मात्र जेवणानंतर तासभर थांबून, कारण तो तेच लोह अडवतो. हंगामात आपल्याकडची रताळी स्वस्त असतात. दोन इंचांचे तुकडे, अर्धी वाटी पाणी, वीस मिनिटं. आपली पांढऱ्या गराची असतात, त्यामुळं अ जीवनसत्त्व नारिंगी रताळ्याइतकं नाही. ते गाजर आणि पालेभाजीतून घे.

सकाळी नाचणीची आंबील. ३० ग्रॅम पीठ आधी थंड पाण्यात कालव, मग कुकरात उकळत्या पाण्यात ओतत ढवळ, सात मिनिटं. पीठ सरळ गरम पाण्यात टाकलंस तर गुठळ्या फुटत नाहीत. थंड झाल्यावर ताक घाल. एवढ्या नाचणीत शंभर मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम येतं. ताकाचं वेगळं.

ज्या दिवशी शिफ्ट लांबेल त्या दिवशी इंदिरा कँटीन, म्हणजे सरकारचं स्वस्त जेवणाचं कँटीन, जवळ असेल तर जा. २०१७ मध्ये योजना सुरू झाली तेव्हापासून नाष्टा ५ रुपये, जेवण १० रुपये. भाताचंच असतं बहुतेक, म्हणून खिशात मूठभर शेंगदाणे असू देत. आणि पगाराच्या दिवशी कुंदा खा बाबा, त्याला माझा हिशेब लावू नकोस.

महिन्याचा माल एकदम भर: मटकी आणि मूग मिळून दीड किलो, मूग-मसूर डाळ एक किलो, शेंगदाणे एक किलो, तांदूळ दोन किलो, नाचणीचं पीठ एक किलो, तेल अर्धा लिटर, गूळ पाव किलो. रविवार पेठेत घे, गल्लीच्या दुकानात सुटं घेण्यापेक्षा परवडतं. पावसाळ्यात मात्र पंधरा दिवसांचंच घे, किड्यांना पण जेवायचं असतं.

सॉकेट कुठला आहे आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं, तेवढं उलट टपाली कळव. पाणी आठवड्यातून एकदाच येत असेल तर कडधान्यासाठी कॅन भरून ठेवायचं वेगळं सांगावं लागेल. काकूंना नमस्कार सांग, आणि फोडणीच्या बरणीत लसूण नको हे त्यांना आवर्जून सांग, त्या घालतीलच.

तुझाच मित्र