रुबिडियमवर कूलर सोडू नका

नमस्कार संपादक साहेब,

गेल्या रविवारच्या पुरवणीत नाविकच्या (आपली भारताची जीपीएससारखी यंत्रणा) उपग्रहांमधल्या अणुघड्याळांवर लेख आला होता, वाचून बरं वाटलं, मराठी पेपरात या विषयावर इतकं सविस्तर कोणी लिहीत नाही. २०१३ मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए ची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली, मग २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरनं बनवलेलं आपलं स्वतःचं घड्याळ बसलं, हे सगळं नीट दिलंय. फक्त चौकटीत एक वाक्य आहे, की अशी घड्याळं जितकी थंड तितकी अचूक. तेवढ्यावरच लिहायचंय. तसं नसतं, आणि तुमच्या वाचकांत आमच्यासारखे हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले आणि इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेली पोरं कमी नाहीत, त्यातल्या कोणी जुनं रुबिडियम घड्याळ मागवलं आणि ते वाक्य वाचून त्याच्यावर कूलर सोडला तर चांगली वस्तू वाया जाईल.

हो, हे घड्याळ घरी असू शकतं. टेलिकॉमच्या भंगारात निघालेल्या यंत्रणेतून एलपीआरओ-१०१, एफई-५६८०ए अशी युनिटं काढून ऑनलाइन विकतात, बहुतेक चीनमधून येतात. जाड पुस्तकाएवढा डबा, एलपीआरओ असेल तर २४ व्होल्ट द्यायचे, काही मिनिटांत लॉक होतो, म्हणजे रुबिडियमच्या फ्रीक्वेन्सीशी जुळतो, आणि १० मेगाहर्ट्झचा अचूक सिग्नल देत बसतो. आता हे लागतं कशाला? हॅम लोकांचे सिग्नल परत पाठवणारा कतारचा क्यूओ-१०० उपग्रह भारतातून दिसतो, त्याचा सिग्नल खाली येतो १०४८९ मेगाहर्ट्झच्या पुढे, तिथं डिशवरच्या एलएनबीचं (सिग्नल खालच्या फ्रीक्वेन्सीवर आणणारा डबा) साधं क्रिस्टल दहा लाखात एक भाग जरी सरकलं तरी स्टेशन जवळपास दहा किलोहर्ट्झ बाजूला जातं, मग शोधत बसा. खरं सांगायचं तर त्या कामाला जीपीएसला बांधलेलं साधं क्रिस्टलसुद्धा भरपूर झालं, रुबिडियम हा शौक आहे. पण शौक करायचा तर नीट करावा.

तर थंड का नको. या डब्याच्या आत मुळात दोन भट्ट्या आहेत. एकीत रुबिडियमचा छोटा दिवा, तो शंभर अंशांच्या वर तापवून ठेवलेला असतो, दुसरीत रुबिडियमच्या वाफेची काचेची सेल, ती सत्तर-ऐंशीच्या मध्ये कुठंतरी. दिव्याचा प्रकाश सेलमधून जातो, सेलला बरोब्बर ६.८३४६ गिगाहर्ट्झच्या आसपासची ठरलेली मायक्रोवेव्ह मिळाली की तो प्रकाश किंचित मंद होतो, पलीकडचा फोटोडायोड तेवढी मंदी पकडतो आणि त्यावरून डब्यातल्या क्रिस्टलला सारखं जागेवर ओढून धरलं जातं. सेलमध्ये वाफेबरोबर बफर गॅस, म्हणजे एक निष्क्रिय वायू, भरलेला असतो, तापमान हललं की त्याच्यामुळं फ्रीक्वेन्सीही थोडी हलते. म्हणून भट्ट्या. आता भट्टी फक्त तापवू शकते, थंड करू शकत नाही, त्यामुळे बाहेरचा तळ फार तापला तर हीटर बंद पडायच्या बेतात येतो आणि कंट्रोल सुटतो, ही एक भीती. दुसरी भीती पंख्याच्या झोताची, झोत कमीजास्त झाला की हीटर त्याच्या मागं धावत राहतो, आणि धावता धावता जी चूक राहते ती आउटपुटला दिसते.

नागपुरात मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो हे तुम्हाला सांगायला नको. खोलीत डेझर्ट कूलर, पंप चालू झाला की हवा आठ-दहा अंश खाली, टाकी रिकामी झाली की परत वर, लाइट गेली की अजून वर. शिवाय ती हवा ओली, बोअरच्या पाण्याचा क्षार घेऊन येते, मागच्या पॅनलच्या केबल जोडायच्या बीएनसी कनेक्टरवर पांढरट थर बसतो आणि पावसाळ्यापर्यंत तो हिरवा होतो. त्यामुळे कूलरच्या वाऱ्यात हा डबा ठेवूच नये.

करायचं काय, तर युनिटच्या तळाची सपाट पट्टी जाड अॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर (उष्णता हवेत सोडणारा ठोकळा) बसवायची, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ हात, सगळे स्क्रू लावायचे (दोन लावून सोडून देणारे बरेच बघितलेत). उष्णता बाहेर जायचा खरा रस्ता ही तळपट्टीच आहे, वरच्या झाकणावर पंखा मारून फारसं काही होत नाही. तुमच्या त्या उपग्रहात तर हवाच नाही, तिथंही सगळी उष्णता तळातूनच उपग्रहाच्या पॅनलमध्ये जाते.

मग हिशोब. एलपीआरओ तापून स्थिरावला की साधारण १२ वॅट खातो, हीटसिंक वॅटमागे अर्धा अंश चढणारा असेल तर तळ खोलीपेक्षा ६ अंश वर. म्हणजे खोली ४२ झाली तर तळ ४८. पंखा हवेपेक्षा गार काही करू शकत नाही, त्यामुळे ३५ वर धरून ठेवीन म्हणणाऱ्यानं विदर्भात राहू नये. मी तळाला ५० वर धरतो, बारा महिने, जानेवारीत खोली १२ ला आली तरी ५० च. त्यासाठी हीटसिंकभोवती खोका, आणि एक मोठा हळू फिरणारा पंखा ज्याचा वेग तळाला चिकटवलेल्या, तापमान ओळखणाऱ्या थर्मिस्टरवरून कमीजास्त होतो, थंडीत तो जवळपास थांबतोच. चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट मात्र नको, जीपीएसशी तुलना करून ग्राफ काढला की करवतीच्या दातांसारखी रेघ येते. पंखा युनिटपासून वीतभर तरी लांब, कारण त्याच्या मोटरचं चुंबक आणि थरथर दोन्ही आतल्याला नको असतात, सेल चुंबकाला हळवी आणि क्रिस्टल थरथरीला.

५० जास्त नाही का, असं कोणी विचारेल. थोडं आहेच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशाला निम्मं होतं असं ढोबळ गणित आहे, म्हणजे ४० वर ठेवता आलं असतं तर ते जास्त टिकले असते. पुण्याच्या माणसानं ४२-४३ वर ठेवावं, नाशिकच्यानं तसंच. मी कपॅसिटर बदलायची तयारी ठेवलीय, ते दहा-वीस रुपयांत सीताबर्डीला मिळतात, दिवा मिळत नाही.

आणि फरक किती पडतो म्हणाल, तर पूर्ण तापमानाच्या टप्प्यात हे युनिट एक अब्जात पाव-अर्धा भाग हलू शकतं, ऐकायला काहीच नाही, पण तीन दशांश धरला तरी दिवसाला २६ मायक्रोसेकंद. तळ एका अंशाच्या आत धरला तर हलणं त्याच्या कितीतरी खाली येतं.

लाइट जाण्याचं वेगळं दुखणं. परत लॉक व्हायला काही मिनिटं, पण पूर्ण स्थिरावायला कित्येक तास जातात. एलपीआरओला १९ ते ३२ व्होल्ट चालतात, त्यामुळे १२ च्या दोन सीलबंद बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून २७ व्होल्टवर फ्लोटला, म्हणजे सतत हलक्या चार्जवर, ठेवल्या की इन्व्हर्टरची गरज नाही. बॅटऱ्या खोक्याच्या बाहेर, गरमीत त्याच आधी मरतात. आणि लाइनीत एक साधा अमीटर ठेवा, तळ तापत गेला की करंट हळूहळू उतरतो, हीटरला किती काम उरलंय ते त्यावरून कळतं, काटा फारच खाली दिसला तर खोका उघडून बघायची वेळ झाली.

नवीन घेणाऱ्यांनी विकणाऱ्याकडून लॅम्प व्होल्टेजचा (आतल्या दिव्याची तब्येत सांगणारं माप) फोटो मागावा, एलपीआरओला ३ व्होल्टच्या खाली असेल तर घेऊ नये, कितीही स्वस्त असलं तरी.

चौकटीतलं ते वाक्य जमलं तर पुढच्या रविवारी दुरुस्त करा.

आपला,
एक हॅम, नागपूर