बांबेर्ग अर्ध्या दिवसात उरकू नका

महोदय,

परदेशी सहलींवरील आपल्या पुरवणीत जर्मनीच्या यादीत बांबेर्गचे नाव पाहून आनंद झाला. मात्र त्यापुढे 'अर्धा दिवस' असे छापले आहे, ते खटकले. अर्ध्या दिवसात तिथे पुलावरचे फोटो होतात आणि बस सुटते. नाशिककरांनी तरी या गावाला तीन दिवस द्यावेत. नदीकाठचे जुने लाकूडकाम आणि कांदा, या दोन गोष्टी आपल्याला वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

आधी प्रवासाचे. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो आणि प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे. मुंबईहून म्युनिक किंवा फ्रँकफर्ट गाठावे. बांबेर्ग बव्हेरिया राज्याच्या उत्तर भागात, फ्रँकोनियात आहे. न्यूरेंबर्गहून साध्या प्रादेशिक गाडीने सुमारे पाऊण तास लागतो. चार-पाच जण असतील तर एकच 'बायर्न तिकीट' काढावे, ते पाच जणांपर्यंत चालते. फसगत होते ती दोन कारणांनी: सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ च्या आधी लागू नसते आणि आयसीईसारख्या जलद गाडीत कधीच चालत नाही. तिकिटावर प्रवाशांची नावे लिहायची असतात. ती नसतील तर तपासनीस हुज्जत घालत नाही, सरळ दंड करतो. मुक्काम स्टेशनच्या बाजूला किंवा नदीच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर घ्यावा. टेकडीवरची खोली चित्रात छान दिसते, पण दगडी फरसबंदीच्या चढावर बॅगेची चाके टिकत नाहीत.

१९९३ मध्ये युनेस्कोने हे जुने गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्याचे तीन भाग आहेत: चर्चची टेकडी, बेटावरचे व्यापारी गाव आणि माळ्यांची वस्ती, म्हणजे गेर्टनरश्टाट. पर्यटक हा तिसरा भाग सोडतात, आणि नेमका तोच स्टेशनला सर्वांत जवळ आहे. रस्त्याला लागून एकमजली घरांची सलग ओळ, प्रत्येक घराला गाडी आत जाईल एवढा दरवाजा, आणि मागे लांबच लांब भाजीचे वाफे. शहराच्या मधोमध आजही तिथे भाजी पिकते. मिटलश्ट्रासे या रस्त्यावर माळ्यांचे छोटे संग्रहालय आहे, पण ते हिवाळ्यात बंद असते.

बांबेर्गच्या लोकांना टोपणनाव आहे 'त्स्वीबलट्रेटर', म्हणजे कांदे तुडवणारे. जुने माळी पायांना फळ्या बांधून कांद्याची पात तुडवत, म्हणजे वाढ पातीत न जाता कांदा पोसेल अशी त्यांची समजूत. आपल्याकडे लासलगाव-निफाडचा शेतकरी पातीच्या माना आपोआप पडायची वाट पाहतो आणि निम्म्याहून अधिक पडल्या की काढणीला लागतो. आपली रीत बरी, कारण हिरवी मान चेंगरली की तिथून कुजवा आत शिरतो आणि चाळीत कांदा सडतो.

आता घरांकडे. नदीच्या मधोमध पुलावर उभा असलेला जुना टाऊन हॉल सगळेच पाहतात. बिशपने जमीन नाकारली म्हणून लोकांनी पात्रात खांब ठोकून जागा केली, अशी दंतकथा सांगतात. भिंतीवर नुसते रंगवलेले स्तंभ आणि कमानी खऱ्या वाटतात, आणि एका चित्रातल्या बालदेवदूताचा पाय खरोखरच भिंतीबाहेर आलेला आहे. तो हात लावण्याइतका जवळ नाही, पण कडेने पाहिले की सावली पडलेली दिसते. याच टाऊन हॉलला चिकटून पाण्यावर लोंबणारे लाकडी घर १६६८ चे. ते पुलावरून नीट दिसत नाही, त्यासाठी वरच्या अंगाच्या गायर्सव्होर्थ पादचारी पुलावर जावे. 'छोटे व्हेनिस' म्हणतात ती कोळ्यांची घरे समोरच्या लाइनरिट वाटेवरून, दुपारनंतर पाहावीत. ऊन तेव्हा त्यांच्या तोंडावर असते.

यातले लाकडी सांगाड्याचे बांधकाम आपल्या वाड्यांच्या चुलत नात्यातले आहे. खांब, तुळया, ताणासाठी तिरके दांडे आणि मधल्या चौकटीत कूड: विणलेल्या काठ्यांवर पेंढा मिसळलेल्या मातीचा लेप. आपल्या वाड्यात सागवान आणि विटा, त्यांच्याकडे ओक आणि माती, एवढाच फरक. अनेक घरे समोरून मात्र दगडी, बरोक म्हणजे त्या काळच्या नक्षीदार थाटाची दिसतात. १६९३ ते १७२९ या काळातला बिशप-राजा लोथार फ्रान्झ फॉन श्योनबोर्न याने दर्शनी भाग नव्या पद्धतीने बांधणाऱ्यांना करात सूट दिली होती. लोकांनी चेहरा बदलला आणि मागचे लाकूड तसेच ठेवले. बाजूच्या बोळात शिरून वर पाहिले की हा जोड स्पष्ट दिसतो.

इथे नाशिकचा विषय काढणे भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात फारसे नुकसान न झालेल्या या गावात १९५० च्या दशकापासून नगरपालिका घरमालकांना जुन्या पद्धतीने दुरुस्ती करण्यासाठी पैशाची मदत करते. 'बांबेर्ग पद्धत' म्हणूनच ती ओळखली जाते. आपल्याकडे सराफ बाजार, तांबट गल्ली, पंचवटीतले वाडे दर पावसाळ्यात कोसळतात आणि मालकाच्या हाती फक्त धोकादायक इमारतीची नोटीस पडते. लाकूड कुठेही सारखेच कुजते: जोत्याला टेकलेला खांबाचा पाय आधी जातो. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट मारला की आत गेलेली ओल बाहेर पडत नाही आणि वरून धडधाकट दिसणारा खांब आतून भुसा होतो. उपाय म्हणजे गिलावा चुन्याचाच ठेवायचा, तुळईला टेकू देऊन खांबाचा कुजलेला भाग कापायचा आणि त्याच जातीच्या जुन्या, वाळलेल्या लाकडाचा तुकडा खाच पाडून सांधायचा. पूर्ण खांब बदलायची गरज क्वचित पडते. सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत आहेत, घाट सजत आहेत. मालमत्ता करात सूट देऊन वाड्यांचे पाय सांधून घेण्याची योजना त्यात कुठे दिसत नाही.

टेकडीवरच्या कॅथेड्रलला एक पूर्ण सकाळ द्यावी. सध्याची इमारत १२३७ ची. पूर्वेचे टोक जड आणि गोल कमानींचे, पश्चिमेचे टोकदार कमानींचे. बांधकाम चालू असताना काळ बदलला तो असा दगडात उतरला आहे. जर्मनीतली पोपची एकमेव कबर इथे आहे, दुसऱ्या क्लेमेंटची. प्रसिद्ध दगडी घोडेस्वार कोण हे कुणालाच सांगता येत नाही. त्याच्याकडे पाहताना खालचा आधाराचा दगड चुकवू नये. तिथे पानांमधून घडवलेला एक चेहरा आहे. प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत.

राहिले खाणे. बांबेर्गची खासियत धुरकट बिअर. मोड आणलेले जव 'बीच' नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, त्याचा वास बिअरमध्ये उतरतो. पूर्वी सगळीकडेच उघड्या आगीवर वाळवत. पुढे धूर बाजूला ठेवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि हा वास सगळीकडून गेला, इथल्या श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल या दोन ठिकाणी मात्र टिकला. पहिल्या घोटाला खारवलेल्या मांसाचा वास येतो आणि शाकाहारी माणूस पेला खाली ठेवतो. त्यात मांस नसते. अर्ध्या लिटरला 'झाइडला' म्हणायचे. शेवटी थोडीच हवी असेल तर 'श्नित' मागायची.

भरलेला कांदा हा इथला खास पदार्थ: मोठा कांदा उकडून, पोकळ करून, डुकराच्या खिम्याने भरतात आणि धुरकट बिअरच्या रश्श्यात देतात, वर खारवलेल्या मांसाचा काप. शाकाहारी मंडळींनी 'क्लोस' मागवावा. हा बटाट्याचा मोठा गोळा असतो. कच्चा बटाटा किसून कापडात पिळतात, पाण्याच्या तळाशी बसलेला स्टार्च परत किसात घालतात, उकडलेला बटाटा मिसळतात आणि मधे तळलेले पावाचे तुकडे भरतात. पाणी खळखळले तर गोळा फुटतो, म्हणून ते नुसते हलते ठेवायचे. क्लोसवर ओततात तो रस्सा मात्र बहुतेक वेळा मांसाचाच असतो. 'ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने झोसे' (मांस नको, खारवलेले मांस नको, रस्सा नको) हे तिन्ही सांगावे. नुसते 'व्हेजिटेरियन' म्हटले तर सॅलडवर मांसाचे बारीक तुकडे येऊ शकतात, कारण अनेकांच्या लेखी ती फोडणी असते.

दुपारी दोन ते पाच बरीच स्वयंपाकघरे बंद असतात, दर ठिकाणाची आठवड्याची सुट्टी वेगळी असते आणि रविवारी दुकाने उघडत नाहीत. पाणी-फळे शनिवारीच घ्यावीत. रोख युरो जवळ हवेतच. 'श्टामटिश' अशी पाटी असलेल्या टेबलावर बसू नये, ते रोजच्या मंडळींचे असते. उन्हाळ्यात टेकडीवरच्या 'केलर'ला जावे. शब्दाचा अर्थ तळघर, पण बसायचे वर, झाडांखाली. बिअर थंड ठेवण्याची तळघरे जमिनीखाली असत. तिथे पेय त्यांचे घ्यायचे आणि खाणे आपले नेले तरी चालते, फक्त टेबलक्लॉथ नसलेले टेबल निवडावे. नाशिकचा चिवडा त्या बिअरबरोबर उत्तम जातो. डबा मात्र घट्ट झाकणाचा हवा, चिमण्या फार धीट आहेत.

आपले,
जुन्या नाशकातील काही वास्तुरचनाकार